टाकीकडे सरकलेली रांग

५ ऑक्टोबर, रविवार

सरळ! फुटपट्टी ठेवून आखल्यासारखे सरळ चालत गेले सगळे. हातात ढाली, डोक्यावर स्कूटरची हेल्मेटं, आणि तोंडाने अखंड गप्पा. एकाने तर मध्येच फोन घेतला – "हां, बोल, मी लढाईत आहे!" – आणि सगळी रांग हसून हसून वाकडी झाली. तेवढाच काय तो वाकडेपणा.

मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

मुद्दा साधा आहे. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचं पायदळ डाव्या हातात मोठी गोल ढाल धरून खांद्याला खांदा लावून चालायचं. ढाल स्वतःचं डावं अंग झाकते आणि उरलेली ढाल डावीकडच्या शेजाऱ्याचं उजवं अंग. म्हणजे तुमचं उजवं अंग तुमच्या उजवीकडच्या माणसाच्या भरवशावर. जुने इतिहासकार लिहितात, की अशी रांग शत्रूवर चालून जाताना आपोआप उजवीकडे सरकत जाते, कारण जो तो शेजाऱ्याच्या ढालीआड दडायला बघतो. मोठे सर म्हणतात, ही ऐकीव गोष्ट. मोठे सर म्हणजे आमच्या विषयातलं सगळ्यात वजनदार नाव, आणि एकेकाळचे माझे मार्गदर्शक. मी म्हणते, खरी गोष्ट. मागच्या परिसंवादात भरल्या सभागृहात म्हणाले, "बाई, खुर्चीत बसून ढाल उचलता येत नाही." लोक हसले. मीही हसले, दात दाखवून. घरी आल्यावर उशीत तोंड खुपसून रडले, हे लोकांना माहीत नाही.

म्हणून हा खटाटोप. पुढच्या महिन्यात पुन्हा परिसंवाद आहे आणि या वेळी मी ढाल उचलून दाखवणार आहे.

माणसं भावोजींनी जमवली. भावोजी म्हणजे ताईचे यजमान. शिंपी. मी त्यांच्याच घरात राहते, त्यांच्याच दुकानाच्या माडीवर. त्यांची गिऱ्हाइकं, शेजारी, समोरचा न्हावी असे सगळे आले. "मेहुणीबाईंची लढाई आहे, यायलाच पाहिजे!" सुताराने प्लायवूडच्या ढाली केल्या, पट्टे भावोजींनी शिवले. मैदान आमच्या कॉलेजच्या मागचं. रांग पुढे चालली की तिच्या उजव्या हाताला पाण्याची टाकी, डाव्या हाताला फाटक. टाकीच्या टोकाला भावोजी, फाटकाच्या टोकाला न्हावी. भावोजींना मुद्दाम टाकीकडे ठेवलं. त्यांच्या उजवीकडे कोणीच नाही, झाकायला ढाल नाही. शिवाय शिंपी – सरळ रेघ त्यांच्या हाडात. ते सरकले तर रांग सरकली असं समजायचं.

नाही सरकले.

७ ऑक्टोबर, मंगळवार

ताई म्हणते, "पन्नाशीला आलीस, आता तरी भांडायला जिवंत माणसं शोध."

भावोजी हसले. मला लागलं. उगीचच लागलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज समोरून मारा ठेवला होता. भावोजींनी दुकानातल्या चिंध्या कोंबून चेंडू शिवले – ढीगभर, लिंबाएवढे, एकसारखे. मारा करायला दोघे. एक शिट्टी, म्हणजे आमचे खेळाचे शिक्षक (त्यांना कोणी दुसऱ्या नावाने हाक मारल्याचं ऐकलं नाही). दुसरे गवंडीदादा. ते कॉलेजची नवी इमारत बांधताहेत. आधी कित्येक वर्षं विटा फेकण्याचं काम केलेलं. खालून वीट फेकायची, ती माडीवरच्या माणसाच्या हातात जाऊन बसायची. भावोजींचे जुने दोस्त. रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून चहा.

झालं काय? चेंडू आले आणि लोकांनी झेलले! ढाली खाली ठेवून झेलले! न्हाव्याने हेल्मेटने चेंडू परत उडवला आणि टाळ्या घेतल्या. भावोजी ओरडत होते, "अरे, मरा की कोणीतरी, ती बघा कशी बघतेय!"

कशी बघत होते मी? मला त्या सगळ्यांचा राग आला होता. रविवारची झोप मोडून माझ्यासाठी आलेल्या माणसांचा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

जेवताना भावोजींना विचारलं, "तुम्हाला भीती का वाटत नाही?"

"कोणाची? गवंड्याची? तो मुंगीला वळसा घालून जातो."

"समजा, खरंच लागणार असतं तर?"

"मग आलोच नसतो गं!" घास तोंडात तसाच ठेवून हसले. ताई म्हणाली, "नीट जेवा."

खरी अडचण हीच आहे. भीती नाही तर सरकणं नाही. आणि भीती वाटणार आहे असं आधी सांगितलं तर कोण येईल? म्हणजे सांगून भागणार नाही. दिवसभर हेच डोक्यात घोळतंय. वर्गात एका मुलीने काही विचारलं, मी भलतंच उत्तर दिलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नव्या इमारतीपाशी खडीचा ढीग आहे. त्यातली पिशवीभर उचलून आणली. कोणी हटकलं नाही. बाईमाणूस, चष्मा, खांद्याला पर्स. कोण हटकणार?

१८ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी दोघंही लग्नाला गेले होते. घर रिकामं. चेंडूंची शिवण एका बाजूने उसवली, आत खडी घातली, वर चिंधी, पुन्हा टाके. दिसायला तसेच. हातात घेतला तर मात्र कळतं. म्हणून पिशवी मीच सांभाळणार, आयत्या वेळी उघडणार.

डोक्याला हेल्मेट आहे. छातीला ढाल आहे. पायाला जाड कापड गुंडाळायला सांगते. लागणार कुठे? प्लायवूडवर एकदा ठाण्णकन आवाज झाला की पुरे. आवाजच हवाय मला, जखम नकोय.

असं मी स्वतःला चारदा सांगितलं. एकदाच सांगून पटलं असतं तर चारदा कशाला सांगावं लागलं असतं!

१९ ऑक्टोबर, रविवार

लिहवत नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

लिहायलाच हवं. इथे नाही तर कुठे लिहिणार.

शिट्टी आलेच नाहीत. पाठ धरली, असा निरोप. मारा करायला एकटे गवंडीदादा उरले. मग शिट्टींच्या जागी मीच उभी राहिले, टाकीच्या बाजूला. गवंडीदादा फाटकाच्या बाजूला. मधे चेंडूंची पिशवी. मी पिशवीचं तोंड सोडलं. त्यांनी पहिला चेंडू घेतला, हातात जरासा खालीवर केला, माझ्याकडे बघितलं. मी शिट्टी वाजवली.

सुरुवातीला रांग हसतच होती. मग एक चेंडू सणसणत जाऊन फाटकावर आदळला. केवढा आवाज! हसू बंद. सगळ्या ढाली एकदम वर. आणि सरकायला लागले! डोळ्यांदेखत! खांदे भिडले, माना खाली, आणि आख्खी रांग टाकीच्या दिशेने तिरकी तिरकी जाऊ लागली. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचं वाक्य माझ्यासमोर चालत होतं. मी आनंदाने ओरडले असेन बहुतेक. मी पण फेकत होते. आयुष्यात कधी चिंच पाडायलाही खडा मारला नव्हता. माझे बहुतेक चेंडू मध्येच कुठेतरी पडले. शेवटी शेवटी हात जरा मोकळा झाला होता, तेवढंच.

मग शेवटचा मारा. आमचे दोघांचे एकदमच सुटले असतील. भावोजी मट्कन खाली बसले.

उजवा हात. काठी धरलेला. भाल्याऐवजी सगळ्यांना काठ्या दिल्या होत्या. भाल्याचा हात ढालीबाहेर असतो, तो नेहमी उघडाच राहतो – हे मी दर वर्षी वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवते. दर वर्षी! आणि शनिवारी बसून विचार करताना डोकं, छाती, पाय सगळं आठवलं. हात आठवला नाही.

सगळे भावोजींकडे धावले. मीही धावले. चेंडूकडे. त्यांच्या पायाशी पडला होता. उचलून पर्समध्ये टाकला. मग बाकीचेही गोळा करत सुटले. लोकांना वाटलं, बाई बिचारी भांबावली आहे. न्हावी म्हणाला, "मॅडम, राहू द्या ते, इकडे पाणी आणा."

हे एकदा लिहून झालं. आता वाचणार नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

हाताच्या पंजातली दोन हाडं मोडली आहेत. अंगठ्याजवळचीच. प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं, "कशाने लागलं?"

"चिंध्यांच्या चेंडूने," भावोजी म्हणाले.

"चिंध्यांनी हाड मोडत नाही."

"गवंड्याचा हात आहे हो, डॉक्टर. त्याने कापूस मारला तरी लागेल."

डॉक्टर हसले. मी भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचत होते. कात्री नीट धरता येईल का, ते प्लास्टर निघाल्यावर बघू, म्हणाले. बघू! शिंप्याला 'बघू' सांगतात!

बाकी कोणाला खरचटलंही नाही. न्हावी सगळ्यांना सांगत सुटलाय, "माझ्या बाजूला नुसता भडिमार, कानाजवळून सूं सूं!" त्याला महिनाभर पुरेल, दाढ्या करता करता सांगायला.

२२ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी गवंडीदादा आले. हातात केळी. पायरीवर उभे राहिले, वर चढले नाहीत. ताई मशीनवरून उठली आणि जे बोलायला लागली – "एवढा जोर लावायचा? खेळ होता ना तो? दवाखान्याच्या गणवेशांचं काम घेतलंय, ते आता कोण बेतणार, तुम्ही? थापी मारून बेतणार? रोज इथे बसून चहा प्यायलात ना हो माझ्या हातचा!"

ते मान खाली घालून ऐकत होते. फक्त शेवटी, "चुकलं, वहिनी."

मी जिन्यात होते. वरच्या पायरीवर. चार पायऱ्या उतरायच्या आणि एक वाक्य बोलायचं. माझ्या जागी तो माणूस "चुकलं" म्हणाला आणि मी जिन्याचा कठडा धरून उभी.

भावोजी आत होते. त्यांनी हाक मारली नाही. दोस्ताला पहिल्यांदाच आत बोलावलं नाही.

केळी ताईने परत पाठवली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

टाकीवर कॅमेरा लावला होता, त्याचं चित्रण आज बघितलं. कॅमेऱ्यात फक्त पाय दिसतात आणि जमिनीवर आखलेल्या पांढऱ्या रेघा. मला तेवढंच हवं होतं. पाय सरकताहेत. काय सुरेख सरकताहेत! एकामागून एक रेघ ओलांडत, टाकीकडे, टाकीकडे. माझं सगळं आयुष्य बरोबर ठरल्यासारखं वाटलं.

मला आनंद झाला. लाज वाटते लिहायला, पण झाला. खाली भावोजी डाव्या हाताने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होते. त्यांचा पुटपुटण्याचा आवाज वर येत होता आणि मी चित्रण पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज परिसंवादासाठी निबंध पाठवून दिला. 'भीतीच्या अवस्थेत' असा शब्दप्रयोग केलाय. छान दिसतो.

२९ ऑक्टोबर, बुधवार

गल्लीत गवंडीदादांना आता 'हाडमोड्या' म्हणतात. न्हाव्याने सुरू केलं असणार. न्हाव्याच्या दुकानाची मागची भिंत बांधायचं काम त्यांना मिळणार होतं, ते दुसऱ्याला दिलं. "उगाच आपल्या डोक्यात वीट घालायचा," असं म्हणून सगळे हसले. मीही तिथेच होते, दुकानाबाहेर, पेपर घ्यायला गेले होते.

यात हसण्यासारखं काय आहे, असं विचारायला हवं होतं. पेपर घेतला आणि आले.

मूग गिळून बसणं म्हणतात ते हेच. फक्त मूग पोटात जाऊन फुगत चाललेत.

१ नोव्हेंबर, शनिवार

भावोजींनी आज डाव्या हाताने कात्री धरून बघितली. कापड वाकडं कापलं गेलं. बाही गेली. ताई म्हणाली, "असू दे, मी बघते." पण तिला बेतणं जमत नाही, तिला शिवणं जमतं. ते खडूने रेघ मारून देतात, डाव्या हाताने, ती वेडीवाकडी येते, आणि ती त्या रेघेवरून कापते. मग दोघं एकमेकांवर चिडतात. आयुष्यात कधी या दोघांना कामावरून भांडताना बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "मी बटणं लावते." ताई म्हणाली, "तू तुझं लिहायचं बघ, लढाई जिंकायची आहे ना." टोमणा नव्हता. तिला खरंच वाटतंय मी जिंकावं असं. परवा शेजारणीला सांगत होती, "आमची धाकटी मोठमोठ्या लोकांसमोर बोलणार आहे." प्रवासात घालायला म्हणून तिने माझा जुना कोट उलटून नवा करून दिलाय. गणवेशांची एवढी घाई असताना.

मी बटणं लावली. रक्त येईपर्यंत सुई टोचून घेतली एकदा. मुद्दाम नाही. पण बरं वाटलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

आज सांगणार होते. ताईने चहा दिला. चहा प्यायले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजही.

८ नोव्हेंबर, शनिवार

परिसंवाद झाला. सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत मोठे सर. माझ्या अंगावर ताईने उलटलेला कोट.

चित्रण दाखवलं. पाय सरकू लागले तशी कुजबुज वाढत गेली. शेवटची रेघ ओलांडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! माझ्या विषयात टाळ्या! मोठे सर उठले. काठी टेकत उभे राहिले. म्हणाले, "बाईंनी ढाल उचलली. मी माझे शब्द मागे घेतो." किती वर्षं मी या एका वाक्याची वाट बघितली.

मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि अगदी मायेने विचारला. "भीती कशी निर्माण केलीत? माझ्या तर कधी डोक्यात आलं नाही."

मी म्हणाले, "अनपेक्षितपणातून."

"वा!" म्हणाले. "कोणाला इजा वगैरे?"

"नाही."

नाही! किती सहज गेलं तोंडातून. चहाला साखर नको म्हणावं तसं.

नंतर जेवणाच्या रांगेत लोक येऊन हात मिळवत होते. प्रत्येक वेळी माझा उजवा हात दुसऱ्याच्या हातात जायचा आणि मला प्लास्टर आठवायचं. ताट तसंच ठेवून बाहेर आले.

९ नोव्हेंबर, रविवार

परतीच्या प्रवासात दोनदा ओकले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "गाडी लागते का हो तुम्हाला?" म्हटलं, हो.

घरी आले तर भावोजी दारातच उभे. "काय म्हणाले मोठे सर?" मी सांगितलं. तर हा माणूस प्लास्टरचा हात वर करून नाचला! "मग हात सार्थकी लागला म्हणायचा!" ताई म्हणाली, "अहो, पडाल." तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

शेण खाल्लं मी. या घरात राहून, या घराचं खाऊन.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सांगितलं.

दुपारची वेळ. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी खाली गेले, पर्समधला चेंडू काढला आणि टेबलावर ठेवला. इतके दिवस बरोबर वागवत होते, का कोण जाणे. भावोजींनी डाव्या हाताने उचलला. वजन कळलं. ताईकडे दिला. तिने शिवण बघितली, कात्रीने कापली. खडी टेबलावर सांडली.

"हे मी केलं," मी म्हटलं. "सगळ्या चेंडूंत. तुम्हाला न सांगता. गवंडीदादांनी जोर लावला नव्हता. खडी मी भरली होती."

ताई म्हणाली, "घाबरवायला?"

"हो."

"यांना?"

ती उठून आत गेली. जाताना माझ्या अंगाला तिचा पदर लागला तर तिने तो ओढून घेतला.

भावोजी खडी गोळा करत राहिले. एकेक खडा डाव्या हाताने उचलून पेल्यात टाकत होते. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाले, "मला आधी विचारलं असतंस ना, तर मी उभा राहिलो असतो गं. बाकीच्यांना नसतं राहू दिलं. मी राहिलो असतो."

आणि मग चेहरा एकदम पडला त्यांचा. "त्याला मी पायरी चढू दिली नाही. तीन आठवडे. समोरून गेला तर मान वळवली मी. त्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी त्याला सांग. माझ्यापाशी काय रडतेस."

मी रडत होते हे मला माहीत नव्हतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ताई बोलत नाही. ताट वाढून ठेवते. ताटावर झाकण असतं, तेवढं तरी आहे.

मोठ्या सरांना सविस्तर लिहून कळवलं. निबंध मागे घेते म्हणून. भीतीच्या जागी खरं काय ते लिहिलं. इजेच्या जागीही. पण सरकणं खरं आहे, असंही लिहिलं. शेवटी एक ओळ. रीत चुकली असेल, पण रांग सरकली हे खोटं नाही. तेवढं तरी माझं राहू दे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

न्हाव्याला जाऊन सांगितलं, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. आधी खुर्चीतला माणूस हसला. मग कोणीच हसलं नाही. न्हावी वस्तरा पुसत राहिला. म्हणाला, "मॅडम, आम्ही तुमच्यासाठी आलो होतो." तो एवढंच म्हणाला. तिथून कॉलेजपर्यंत खाली बघत चालले. सगळी गल्ली बघतेय असं वाटत होतं. बघतही असेल.

गवंडीदादा मात्र भेटत नाहीत. दुसऱ्या गावी काम घेतलंय, रविवारी येतील, असं त्यांची बायको म्हणाली. दार अर्धंच उघडलं तिने. भावोजीही कालपासून दोनदा जाऊन आलेत.

एवढं एक झालं की झालं. त्यांची माफी मागायची, पाय धरायची वेळ आली तर धरायचे. मग निदान मान वर करून चालता तरी येईल.

१६ नोव्हेंबर, रविवार

भेटले. विटांच्या थरावर बसून चहा पीत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, एका दमात. त्यांना नवल वाटलं नाही.

"ठाऊक आहे, मॅडम. पहिला चेंडू हातात घेतला तेव्हाच कळलं. खडी आमच्याच ढिगातली."

"मग टाकलेत कशाला?"

"तुम्ही शिट्टी मारली. एवढी माणसं जमलेली, सगळ्यांसमोर तुम्हाला कसं थांबवायचं? म्हणून मी माझे सगळे फाटकाच्या अंगाला टाकले, न्हाव्याच्या पलीकडे. तिकडे माणूस नव्हतं. घाबरून लोक टाकीकडे सरकत गेले, म्हटलं बरंच झालं."

मी ऐकत होते. म्हणजे रांग त्यांच्या चेंडूंपासून लांब सरकत होती. शेजाऱ्याच्या ढालीचा त्यात काही संबंधच नव्हता. एवढं समजलं, आणि वाईट वाटायलाही वेळ मिळाला नाही. कारण भावोजी टाकीच्या टोकाला होते.

"एकही तिकडे टाकला नाहीत?"

"एकही नाही."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? ताई एवढं वाट्टेल ते बोलली तुम्हाला, तुम्ही 'चुकलं' म्हणालात—"

त्यांनी पेल्यातला उरलेला चहा मातीत ओतला.

"मारा करायला आपण दोघंच होतो, मॅडम. मी नाही म्हटलं असतं, तर मग राहिलं कोण?"